काशीची लोटी

आमच्या घरात दोन पाण्यांचं वैर होतं. लॉरीने येणारं विकतच्या कॅनचं पाणी आम्ही प्यायचो, सासूबाई फक्त आडाचं. कॅन कोणी भरला, कुठल्या हातांनी भरला याचा पत्ता नाही, म्हणून तो मडीला चालत नसे. सोवळ्याला ही तंजावरकडची मराठी माणसं मडी म्हणतात, हे मला सांगलीहून लग्न होऊन चेन्नईला आल्यावर कळलं. मडीपुढे या घरात कोणाचं काही चालत नाही, हेही लगेच कळलं.

आड अंगणातला, सासऱ्यांनी खणून घेतलेला. समुद्र इतका जवळ असून पाणी गोड कसं, असं मी विचारलं तेव्हा सासूबाईंनी मला गच्चीवर नेलं. घरामागे पळ्ळिकरणैची दलदल पसरलेली होती. उंच लव्हाळा, मधूनमधून उथळ पाणी, त्यात चोची घालून चिखल चाळणारे रोहित पक्षी.

"पावसाचं तण्णी तिकडे बसतं गो," त्या म्हणाल्या. "बसतं म्हणून खाली उतरतं. धावलं असतं तर समुद्रांत गेलं असतं."

दलदल पाणी धरून ठेवी, सावकाश जमिनीत सोडी, खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नसे आणि धो धो पावसात सगळ्या शहराचा जादा भार अंगावर घेई. हे सगळं फुकट. फुकटच्या कामाला कोण विचारतो?

लोक ती भरू लागले. एका टोकाला शहराचा कचरा आधीपासून पडत होता, त्याचा डोंगर झाला. दुसऱ्या टोकाला लॉऱ्या राडारोडा ओतू लागल्या. रस्ता झाला, रस्त्याकडेला इमारती आल्या. माझं ऑफिस त्यांतल्याच एका काचेच्या इमारतीत. नवरा सकाळी कंपनीच्या बसने ओरगडमला कारखान्यात जातो आणि मी चालत ऑफिसला, म्हणून सगळे माझा हेवा करतात. जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून खाली उरलेलं डबकं दिसतं, त्यात उभे चार-दोन पक्षी. सहकारी फोटो काढतात. मला त्यांचा राग येतो, मग स्वतःचा येतो, मग मीटिंग असते.

इकडे मोठा पाऊस कार्तिकात येतो; एका वर्षी त्या पावसात पाण्याला बसायला जागाच उरली नव्हती. ते आमच्या घरात येऊन बसलं. कचऱ्याच्या डोंगराखालून आलेलं, काळं, तेलकट पाणी, दिवाणखान्यात गुडघाभर आणि आडाच्या काठावरून आत. ओसरल्यावर नवऱ्याने पंप लावून आड उपसला, ब्लीचिंग पावडर टाकली, पाणी प्रयोगशाळेत तपासून आणलं. पिऊ नका, असं तिथे स्पष्ट सांगितलं. पुन्हा उपसला, पुन्हा तेच. झरे दलदलीकडूनच येत होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात, तसं दलदलीत नाही तर आडात तरी कुठून येणार?

सासूबाईंच्या देवघरात तांब्याची एक लोटी होती. तोंडाला डाख लावून बंद केलेली. सासऱ्यांबरोबर काशीला गेल्या होत्या तेव्हा आणलेली. त्यातली गंगा शेवटच्या घटकेला तोंडात पडावी, एवढंच त्यांचं मागणं. दर दिवाळीला त्या ती चिंचेने घासत, कानाशी हलवून आत पाणी आहे ना ते ऐकत आणि मला बजावत, "विसरूं नको. तोंड मिटलं तर दात उघडून घाल."

"आई, तुमचं तोंड मिटणार तरी कधी?" मी म्हणायची. त्याही हसायच्या.

पूर ओसरला आणि सासऱ्यांचं श्राद्ध आलं. श्राद्धाचा स्वयंपाक मडीतला, म्हणजे आडाच्या पाण्याचा. मी कॅन पुढे केला.

"त्यांच्या पिंडाला मी लॉरींतलं उदक घालूं?" त्यांनी विचारलं.

"अम्मा, आड नासलाय," नवरा म्हणाला.

"नासला तर शुद्ध करतें."

त्या देवघरात गेल्या, लोटी आणली, अडकित्त्याच्या टोकाने डाख फोडला आणि सगळी गंगा आडात ओतली. थेंबही मागे राहू नये म्हणून त्यांनी लोटी उपडी धरून झटकली. "पोदुम," म्हणाल्या. "पुरे झालं."

त्यानंतर त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गंगा पडलेल्या आडाला नावं ठेवणारी मी कोण? मी आडावर जाळी बसवून कुलूप लावलं, तर त्यांनी जेवण सोडलं. शेवटी नवऱ्यानेच कुलूप काढलं. मग उकळून, गाळून देत राहिलो. उकळून सगळं जात नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. हळूहळू त्यांचे पाय सुजले, अन्न नकोसं झालं, मूत्रपिंडं थकली. पाण्यामुळे का, असं मी डॉक्टरांना सरळ विचारलं. वय आहे, मधुमेह आहे, एकच कारण कसं सांगू, असं ते म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. पण इतके वाटेकरी असले की गुन्हा कोणाचाच राहत नाही, आणि याची मला अजून चीड येते.

सासूबाईंनी हट्टाने दवाखान्यातून घरी आणायला लावलं. एका रविवारी दुपारी घरघर लागली. त्यांनी डोळे उघडून देवघराकडे पाहिलं. लोटी जागेवरच होती, घासलेली, रिकामी. मग त्यांनी अंगणाकडे हात केला.

नवरा उठून गेला. रहाट करकरला. पोहरा घेऊन तो दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. वास त्याच्या आधी आत पोचला होता. ते पाणी आईच्या तोंडात घालायला त्याचा हात होईना. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी कॅनमधून वाटीत पाणी घेतलं, तुळशीचं पान टाकलं आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला.

"आई, गंगा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि ओठ मिटून घेतले. पाणी गालावरून उशीवर ओघळलं. तोंड मिटलं तर दात उघडून घाल, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मला ते करवलं नाही.