बाबांची नाणी घेऊन पनवेलला

महाडच्या स्थानकावरून सकाळची पनवेल गाडी सुटली तेव्हा मी पिशवी मांडीवर घेऊन, तिच्या बंदांचे मनगटाला दोन वेढे देऊन बसले होते. पिशवीत वर जेवणाचा डबा, खाली एक जुनी साडी आणि साडीच्या घडीत बाबांनी आयुष्यभर जमवलेली पन्नास नाणी.

बाबा एसटीत कंडक्टर होते, याच मार्गावर. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद आहे हे गावोगावी माहीत झालं, आणि लोक कपाटाच्या तळाशी सापडलेलं काहीबाही गाडीपाशी आणून दाखवू लागले. बाबा ते पैसे देऊन घेत. पनवेलला मुक्काम असला की जुन्या बाजारातल्या एका नाणीवाल्याकडे बसत. बाबांना जाऊन वर्ष होत आलं. मी महाडला ब्लाउज शिवते, धाकटा भाऊ दिलीप नाशिकला असतो. नाण्यांतलं दोघांनाही कळत नाही, म्हणून विकायचं ठरलं. निघण्याआधी दिलीपने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ताई, बाबांनी ठेवलीत तशीच ने."

ते मी ऐकलं नव्हतं. काळी पडलेली नाणी दुकानात कशी न्यायची म्हणून एकतीस तांब्याची मी चिंच-मीठ लावून घासली होती. इतकी लखलखीत झाली की स्वतःवरच खूश झाले. चांदीची एकोणीस राहून गेली, कारण मध्येच लग्नाच्या ब्लाउजांची ऑर्डर आली.

वडखळला गाडी थांबली. सगळे वडे खायला उतरले, मी जागची हलले नाही. शेजारच्या बाई चहा पिऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "पिशवी वर ठेवा ना, मांडी भरून येईल." मी म्हणाले, "औषधं आहेत, सांडतील." खोटं बोलल्याचं पेण येईपर्यंत टोचत राहिलं. पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसला, दोन्ही बाजूंनी गर्द झाडी आली आणि गाडीत गार वारा शिरला. एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. आता साडीवरूनच नाणी चाचपत होते.

पनवेलच्या स्थानकाबाहेर रिक्षा केली. रिक्षावाले काका जवळच्याच गावचे होते. बाजाराच्या तोंडाशी येऊन त्यांनी गाडी थांबवली. "आत गारी (गाडी) जात नाय ताय. चालत जा, लांब नाय." कापडाची दुकानं, मसाल्याचा ठसका, हातगाड्या, मधूनच वाट काढणाऱ्या स्कूटर. कोणाचा धक्का लागला की माझा हात पिशवीच्या तळाशी जाई. दोनदा चुकीच्या गल्लीत शिरले. शेवटी एका अत्तरवाल्याने बोट दाखवलं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. आत साठीचे एक गृहस्थ भिंग डोळ्याला लावून बसले होते. नाव नाझीमभाई. बाबा ज्यांच्याकडे बसत ते यांचे वडील. मी ओळख सांगितली.

"महाडचे कंडक्टरसाहेब गेले?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "अल्ला त्यांना जन्नत देवो. बसा ताई, तसल्लीने बसा." त्यांनी पाणी मागवलं, मग कोकम सरबत. तेवढ्यानेच मला जरा धीर आला.

मी प्लॅस्टिकच्या नव्या पिशव्यांतून तांब्याची नाणी गादीवर ओतली. नाझीमभाईंनी एक उचललं, पालथं केलं, दुसरं उचललं. मग दोन्ही हळूच खाली ठेवली.

"ताई, ही धुतलीत?"

"चिंच लावली. का?"

"तांब्यावर तो काळा थर चढायला शंभर-दोनशे वर्षं लागतात. घेणारा आधी तोच बघतो. घासलेलं नाणं निम्म्या भावालाही कोणी घेत नाही."

ते पुढे म्हणाले, "ते झालं ते झालं. पुड्या आणल्यात ना?"

कुठल्या पुड्या हे मला लगेच कळलं, तरी मी विचारलं, "कसल्या?"

"तुमच्या वडिलांच्या. एकेक नाणं कागदाच्या पुडीत असायचं. वर लिहिलेलं, कुठल्या गावात मिळालं, कोणी दिलं, त्यांच्या घरात कुठून आलं. इथे या गादीवर बसून वाचून दाखवायचे. शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) माझ्याकडेही ढीगभर आहेत. असं लिहिलेली एकही नाही."

"बंबात घातल्या," मी म्हणाले. "पाणी तापवायला."

मी घाईघाईने चांदीची नाणी काढली. ती पुड्यांतच होती. त्यांनी एक पुडी उलगडली, वाचली आणि पुन्हा तशीच घडी घातली.

"ही मी चांगल्या भावाने घेईन. तांब्याचं तुम्ही ठरवा. काय लिहिलं होतं ते आठवत असेल तर नव्याने लिहा, खाली स्वतःची सही करा. पण खात्रीचं तेवढंच. रचून लिहायचं नाही."

मी बाहेर पायरीवर येऊन दिलीपला फोन लावला. सगळं सांगितलं.

"जाळायच्या आधी वाचल्यास तरी का?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने फोन ठेवला. मी तिथेच उभी राहिले. पिशवी आत गादीवर सोडून आले होते, आणि हे लक्षात येऊनही मला आत धावत जावंसं वाटलं नाही.

दहा-पंधरा मिनिटांनी त्याचाच फोन आला. आवाज बसलेला होता. "त्यात भोक पाडलेली एक शिवराई आहे का बघ."

मी आत जाऊन शोधली. होती.

"लोणेऱ्याच्या एका म्हातारीची ती. दृष्ट लागू नये म्हणून नातवाच्या गळ्यात बांधली होती. तो नोकरीला लागला तेव्हा तिने आणून बाबांना दिली, पैसे घेतले नाहीत. मी होतो गाडीत, सुट्टी होती शाळेला. लिही."

मी लिहिलं. मग मला बाबांनी कधीतरी सांगितलेलं माणगावच्या तांबटाचं आठवलं, कोलाडच्या मास्तरांचं आठवलं. दिलीपला नागोठण्याची तीन एकदम आठवली. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही दीड तास बोलत होतो. एका नाण्यावरून आमचं जुंपलंही. मी म्हणत होते इंदापूर, तो म्हणत होता तळा. नाझीमभाई म्हणाले, "एकमत नाही ना, मग सोडा." दुपारची नमाज पढून ते परत आले तेव्हा सतरा नाण्यांपुढे चिठ्ठ्या झाल्या होत्या. चौदा उरली होती.

"त्यांच्यावर काय लिहू?"

"माहीत नाही, असं लिहा. तेही खरंच आहे."

चौदा वेळा मी ते लिहिलं. सहीही प्रत्येकीवर केली. नाझीमभाईंनी सगळी नाणी घेतली. घासलेल्यांचा भाव त्यांनी सांगितला होता तसा कमीच लावला, आणि मी घासाघीस केली नाही.

परतीच्या गाडीत पिशवी हलकी होती, तरी ती मी मांडीवरच ठेवली. नागोठणं गेलं, कोलाड गेलं. थांब्यांवर माणसं चढत होती, कंडक्टर मशीनवर तिकिटं फाडून देत होता. बाबा रात्री जेवण झाल्यावर पुडी बांधत, आणि त्या दिवशी भेटलेल्या माणसाचं काहीतरी सांगू लागत. मी मशीनवर शिवत असे. मान वर न करता "हं" म्हणत असे. नाणी घासल्याचं दुःख मला पनवेलमध्येच पुरेसं झालं होतं. गाडीत मला आठवत राहिलं ते माझं "हं".