सदतिसाव्या पानावरचा शिक्का

नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले, पण बोईसरचं हे प्रकरण आठवलं की आजही मी खुर्चीत ताठ बसतो.

एका वाचनालयाच्या समितीने तक्रार दिली होती. स्पर्धा परीक्षांची चाळीसेक पुस्तकं गायब होती आणि संशय ग्रंथपाल बाईंवर होता. बाई वाणगावच्या, घर त्यांच्याच पगारावर चालायचं. नोकरी आणि नाव, दोन्ही जायची वेळ आली होती.

मी घरातला पहिला पदवीधर, अशाच वाचनालयात अभ्यास करून फौजदार झालेला. त्यामुळे माझा राग जरा जास्तच. चौकशीत मी विचारलं, "पुस्तकं सापडली तर ओळखाल कशी?"

"समोर आणा साहेब, मग सांगते."

"आत्ता सांगा."

"आत्ता नाय."

मला तो उद्धटपणा वाटला.

दोन दिवसांनी त्याच वाचनालयात अभ्यास करणाऱ्या सालवडच्या एका कामगाराचा फोन आला. स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला वाचनालयाचं पुस्तक दिसलं होतं. त्यात पेन्सिलीच्या खुणा त्याच्याच होत्या. हवालदार, दोन पंच आणि बाईंना घेऊन मी दुकान गाठलं. पुस्तकं तिथेच होती, पण शिक्क्यांची पहिली-शेवटची पानं फाडलेली. दुकानदार निवांत. "आमी रद्दीतून घेतो साहेब. कोनाचं नाव हाय का यांच्यावर?"

बाईंनी एक पुस्तक उचलून सदतिसावं पान काढलं. शिवणीलगत बारीक शिक्का आणि दाखल क्रमांक. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यातही तेच. चौथं मी स्वतःच उघडलं. तिथेही तोच शिक्का.

"हे गुप्त पान, साहेब. ग्रंथपालालाच माहीत असतं. समितीलापण सांगत नाय आमी."

हवालदार माझ्या कानाशी लागला. "म्हणजे बाईच सापडल्या की. पान त्यांनाच ठाऊक."

"अहो, त्यांनी विकली असती तर हेच पान आधी फाडलं असतं!"

दुकानदाराचा चेहरा उतरला. "बाइंडिंगवाला आणतो साहेब. वाचनालयाने काढून टाकली म्हनाला."

तो बाइंडर फाटकी पुस्तकं शिवायला न्यायचा आणि त्याच गठ्ठ्यात चांगली सरकवायचा. संध्याकाळपर्यंत त्याने कबुली दिली.

मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू द्या. माझं पान फुटलं ना तुमच्यापायी. नव्या पुस्तकांना आता दुसरं धरायला लागेल."

"कुठलं?" हवालदाराने विचारलं.

"तुमाला कशाला?"

माणूस गप्प बसला की आम्ही पोलीस त्याला गुन्हेगार धरून चालतो. त्या दिवसानंतर समोरचा गप्प राहिला, की मी आधी एवढंच बघायचो: हा स्वतःला सांभाळतोय, की आपलं काम?