बिनगुळाची खीर

मी राजूरला शाळामास्तर असताना बाजारात भेटणाऱ्या एका गुराख्याचं वाक्य शिवीशिवाय सुरू होत नसे. बैलापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना सारखीच. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला डोंगरातले गुराखी वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावून खीर ठेवतात. हा ठेवता ठेवता देवालाही दम भरायचा, "खा भाड्या, पन माझ्या गोठ्याकडं बघू नको."

वाघ मारायला बंदी झाली, हे सांगायला जंगलखात्याचा साहेब आला. हा म्हणाला, "आमी कवा मारले? बंदुका घेऊन तुमीच येत हुता."

त्याच साली वाघानं त्याची दुभती गाय मारली. वाघ उरलेलं खायला परत येणार, म्हणून शेजारी गाईवर ओतायला फॉलिडॉल घेऊन आले. हा गाईपाशी उकिडवा बसून वाघाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. तो उठला, विषाची बाटली हिसकावली आणि खड्डा खणून पुरली.

"गाय माझी व्हती. भांडन माझं नि त्याचं हाय. तुमी मधी पडू नका."

पुढच्या वाघबारशीला त्यानं खीर ठेवली. प्रसाद म्हणून मी चाखली, तर बिनगुळाची.

"गाय खाल्ली न्हवं त्यानं, गुरुजी," तो म्हणाला. "मग गोड कशापायी?"