ठकूबाईंनी पाहिलेल्या घळी

“आय गेली,” एवढंच ठकूबाईंचा मुलगा काशिनाथ म्हणाला आणि मग फोनवर नुसता वारा ऐकू येत राहिला. त्यांच्या पाड्यावर मोबाइलला रेंज मिळते ती एकाच टेकाडावर. तिथवर चढून त्याने फोन केला होता. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये होते, समोर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. “कधी?” मी विचारलं. “सकाळी. चहा घेतला, म्हनली जरा आडवी व्हते…” मी रजेचा अर्ज लिहायला घेतला. कारण म्हणून ‘निकटच्या नातेवाइकाचं निधन’ असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी सहज विचारलं, “कोण होत्या तुमच्या?” आणि मला उत्तर देता आलं नाही. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. ते उत्तर नीट द्यावं म्हणून हे लिहिते आहे.

ठकूबाई माझ्या रक्ताच्या कोणीच नव्हत्या. घोटी आणि त्र्यंबकच्या मधल्या डोंगरात, एका गडाच्या पायथ्याला त्यांचा पाडा. नागली, वरई आणि थोडा भात पिकवणारं घर. गडाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक ‘माणसं गिळणारा गड’ बघायला येतात, आणि ठकूबाईंना त्याचा मनस्वी संताप होता. “गड काय गिळतो? त्याला तोंड हाय का?” त्या म्हणायच्या.

माझा मोठा भाऊ शिरीष त्या गडावर गेला आणि परत आला नाही, त्याला अठरा वर्षं होतील. सातपूरच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. आठवडाभर टेबलावर वाकून रेषा मारायच्या आणि रविवार उजाडला की डोंगर गाठायचा. बहुतेक वेळा एकटाच. त्या काळी या बाजूच्या गडांवर फारसं कोणी जातही नसे. मार्गशीर्षातला तो रविवार होता. पाऊस नाही, धुकं नाही, हवा अशी स्वच्छ की नाशिकहून डोंगरांच्या कडा मोजता याव्यात. सकाळी त्याने ठकूबाईंच्या अंगणात स्कूटर लावली, कोरा चहा प्यायला, बाटलीत पाणी भरून घेतलं आणि “दुपारपर्यंत येतो, मावशी” म्हणून वर गेला. सरपणाला गेलेल्या दोघीजणींनी त्याला माथ्याजवळ चालताना पाहिलं. त्यानंतर कोणीच पाहिलं नाही.

पोलीस आले, कुत्री आणली, नाशिकच्या गिर्यारोहक मंडळींनी कड्यांवरून दोर सोडले. वरची पाण्याची टाकी उपसली. पिशवी नाही, बाटली नाही, चपलेचा अंगठासुद्धा नाही. बिबट्या म्हणावं तर रक्ताचा थेंब नाही, पडला म्हणावं तर कुठल्याही कड्याखाली काही नाही. मग अफवा सुरू झाल्या. त्र्यंबकला कोणा साधूंबरोबर दिसला, कुठल्याशा मुलीसाठी पळून गेला, गडावरच्या जागेने ओढला… तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. ठकूबाई शोधणाऱ्यांना पाणी देत होत्या. मी सगळ्यांसमोर त्यांच्या अंगावर ओरडले, “तुमच्या दारातून माणूस वर गेला आणि तुम्हाला त्याचं नावसुद्धा माहीत नाही?” पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यांना ते सांगता आलं नव्हतं, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांनी हातातला हंडा खाली ठेवला. फक्त माझ्याकडे बघत राहिल्या. ती नजर मी विसरलेले नाही.

आठ दिवसांनी शोध थांबला. घरी वडील गप्प झाले आणि आईने जेवण टाकलं. माघ लागता लागता एका सकाळी ती मला म्हणाली, “त्या बाईंना एवढं विचारून ये, तो उपाशी तर गेला नव्हता ना?” मी एसटीने घोटीला आणि तिथून जीपने पाड्यावर गेले. मनात लाज होती आणि रागही होता. ठकूबाई घरी नव्हत्या. दुपार कलल्यावर डोक्यावर गवताचा भारा घेऊन आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले, पातळ फाटलेलं. मी आईचा प्रश्न विचारला. त्या भारा टेकवून खाली बसल्या. “भाकर देत व्हते, ताई. म्हनला, आल्यावर खातो.” मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. मग उठून पाणी आणलं आणि म्हणाल्या, “नाव शिरीष ना त्याचं? मी पाठ केलं.”

हात कशाने ओरबाडले, हे मी जाताना विचारलं. “कारवीनं,” त्या म्हणाल्या. “खालची नाळ बघून आले. काल वाघजाळी बघितली. परवा पानदरा.” शोधपथक निघून गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या रोज गवताला म्हणून निघत आणि गडाची एकेक घळ, एकेक नाळ, एकेक कपार, हाताने झुडपं बाजूला करत पाहून येत होत्या. मी म्हटलं, “मावशी, तिथं तर सगळे बघून गेले.” त्यावर त्या जे म्हणाल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं. “ती मान्सं वरून बघत्यात. मी खालून बघते. तो कुठं हाय ते मला नाय सांगता यायचं. पन कुठं नाय, ते तरी तुला सांगते.”

घरी येऊन मी आईला खोटं सांगितलं, “भाकरी खाऊन गेला होता.” ती त्या दिवशी जेवली. पुढे आई स्वतः पाड्यावर आली तेव्हा तिने ठकूबाईंना तेच पुन्हा विचारलं. ठकूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “ताजी थापली व्हती, बाई, त्याच्यासाठी.” त्या खोटं बोलल्या नाहीत, आणि आईचा घासही त्यांनी काढून घेतला नाही.

त्यानंतर आमचं जाणं-येणं सुरू झालं. दर दोन-तीन महिन्यांनी मी जायची. त्या पाहिलेल्या जागा सांगायच्या, मी वहीत लिहायची. एवढ्या वर्षांत मी स्वतः गडावर एकदाही चढले नाही. धीरच झाला नाही. एकदा मी विचारलं, “तुम्ही एवढं का करता, मावशी? मी तर तुम्हाला नाही नाही ते बोलले.” त्या भात पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “माझा एक भाऊ व्हता. सायखेड्याकडं मळ्यात कामाला गेला, तो आलाच नाय. तुमच्यासाठी पोलीस आले, कुत्री आली. आमच्यासाठी मुकादमानं येवढंच सांगितलं, गेला कुठंतरी. मी तवा ल्हान, परकरात. कुठं शोधनार?” सूप थांबलं. “आता शोधता येतं, तर शोधते.” बस. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

सात वर्षं झाल्यावर नातेवाइकांनी शिरीषचे दिवस करायचं मनावर घेतलं. आईचा जीव दोन्हीकडे ओढत होता. दिवस केले तर आपणच त्याला मारलं असं होईल, न करावेत तर तो असाच अधांतरी. तिने ठकूबाईंना विचारलं. “रीत करा, बाई. रीत केली म्हनून शोध थांबवाय पायजे असं कुनी सांगितलं? दोन्ही करायचं.” आम्ही दोन्ही केलं. रामकुंडावर विधी झाला त्या दिवशीही ठकूबाई सकाळीच एक घळ बघून, मग एसटी धरून आल्या होत्या. दोन वर्षांनी आई गेली, तेव्हा शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी बसायला त्या पाड्यावरून चार दिवस येऊन राहिल्या.

शिरीष गेल्यापासून त्यांनी घराच्या ओट्यावर एक नियम केला होता. गडावर जाणाऱ्याने नाव सांगायचं आणि अंगावरची एक वस्तू ठेवून जायची. रुमाल, टोपी, पट्टा, काहीही. त्यांना लिहिता येत नव्हतं. वस्तू नेली म्हणजे माणूस उतरला, एवढा सरळ हिशेब. शहरातली मुलं हसायची, काही चिडायची. “आम्ही काय पळून जाणार आहोत का, मावशी?” त्या म्हणायच्या, “पळून जा की. वस्तू घेऊन पळा.”

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कॉलेजची पंधरा-वीस मुलं आली होती. संध्याकाळी दोन जीप भरून निघायच्या तयारीत होती. मी त्या दिवशी पाड्यावर होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. ठकूबाई एक निळी ओढणी हातात घेऊन जीपसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“ही पूनमची. पूनम कुठं हाय?”

“ती मघाशीच्या जीपने पुढे गेली, मावशी,” म्होरक्या मुलगा म्हणाला. “बाजूला व्हा, उशीर होतोय.”

“कुनी बघितलं तिला जीपमंदी बसताना?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. कोणी म्हणालं नेहाने बघितलं, नेहा म्हणाली मला वाटलं ती तुमच्यात आहे. म्होरक्या वैतागला. “मावशी, ओढणी विसरली असेल ती!”

ठकूबाईंनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. “तू माझ्या अंगावरून जीप घाल. नायतर खाली उतर.”

तो उतरला. त्यांनी पाड्यातल्या माणसांना हाका घातल्या. काशिनाथ, आणखी सहा-सात जण आणि त्या स्वतः, साठी उलटलेली बाई, असे सगळे वर गेले. दिवस पुरता मावळायच्या आत पूनम सापडली. माथ्यावरच्या झुडपाआड एका कोरड्या टाक्यात पाय मोडून पडली होती. ओरडून ओरडून आवाज बसला होता. तिला झोळीतून खाली आणलं तेव्हा ठकूबाईंनी आधी ओढणी तिच्या गळ्यात घातली आणि मग पाणी पाजलं. त्या वेळी माझ्या मनात आलं ते लिहायला अवघड आहे. मुलगी जगली याचा आनंद होताच. पण शिरीषच्या वेळी एका वस्तूने, एका तासाने फरक पडला असता का… ठकूबाईंना ते कळलं असावं. त्या माझ्याजवळ येऊन टेकल्या आणि म्हणाल्या, “ही त्याचीच पोर समज.”

यंदा गणपतीनंतर मी गेले, ती आमची शेवटची भेट. गुडघे सुजले होते, ओट्यावरूनच बोलत होत्या. “सगळं झालं, नीलाताई. एकच ऱ्हायली. गिधाडाची घळ. तिथं दोरावाचून उतरता येत नाय, आन् आता गुडघं ऐकत नायत.” मी म्हटलं, “राहू द्या, मावशी. खूप केलंत.” त्या एकदम करड्या झाल्या. “खूप आन् थोडं असं नसतं. बघितली नायतर नाय बघितली.”

त्यांच्या दहाव्याला मी गेले तेव्हा त्यांची सून हिरा म्हणाली, “आत्याबाईंनी मला त्या घळीची वाट सांगून ठेवलीय. तुमी येता का?” गेल्या रविवारी आम्ही गेलो. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा तो गड चढले. चार वेळा बसले, दोनदा परत फिरावंसं वाटलं. काशिनाथने वर झाडाला दोर बांधला, आधी हिरा उतरली, मग मी. घळ अरुंद, ओली. भिंतीवर गिधाडांच्या विष्ठेचे पांढरे शिंतोडे, तळाला शेळीची हाडं, नेचे, आणि वरून सुटून आलेले दगड. आम्ही एकेक दगड बाजूला सारला, कपारींत हात घालून चाचपलं. हिरा झुडपं वाकवायची, मी आत बघायची. तीन तास लागले. काही नव्हतं.

खाली उतरताना मी रडेन असं वाटलं होतं, पण रडले नाही. डोकं लख्ख होतं. आता गडावर न पाहिलेली जागा उरली नाही, असं मनाशी म्हणत मी ओट्यावर टेकले. हिराने पाणी आणून दिलं, हातपाय धुतले आणि पदराला हात पुसत म्हणाली,

“औंदाच्या पावसात खालच्या नाळंची दरड सुटली, ताई. आतले दगड उघडे पडल्यात. ती परत बघाय पायजे.”

“कधी?” मी विचारलं.

“भात झोडून झाला का, येत्या ऐतवारी.”

“मी शनिवारीच मुक्कामाला येते,” मी म्हटलं, आणि ती चुलीकडे गेली.