नऊ सेकंदांचा फरक

मी स्वतःला आमच्याच घरातल्या एका खोलीत कोंडून घेतलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, भर दिवसा साडेअकराला. त्या खोलीच्या दाराला आतून मूठ नव्हती. मूठ कुणी काढली होती? मीच, आदल्या रविवारी, दुरुस्त करतो म्हणून.

आता आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी वाचतो ते चहाबरोबर, हसायला. त्यामुळे तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

आम्ही कोलकात्यात सॉल्ट लेकला राहतो. वरचा मजला आमचा, खाली घरमालकीण मासिमा. घरात मी, बायको अनघा आणि माझे वडील. बाबा ब्याऐंशी वर्षांचे. बँकेतून निवृत्त, तब्येत खणखणीत, पण गेल्या वर्षापासून आठवणीचा घोळ सुरू झालाय. दोनदा घरातून निघून गेले. दुसऱ्या वेळी करुणामयीच्या ऑटो स्टँडवर सापडले. ऑटोवाल्याला मराठीत बजावत होते, “शनिवार पेठ. पण मीटरने!” ती जागा मुख्य रस्त्याला लागून आहे आणि बसेस कशा हाणतात ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. त्या दिवशी अनघा पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. म्हणून घरात दोन नियम झाले. दाराची वरची कडी कायम लावलेली हवी — बाबांचा हात तिथवर पोचतो, पण ती कडी आहे हे त्यांच्या लक्षात राहत नाही. आणि दुसरं म्हणजे कॅमेरे.

चार कॅमेरे, आणि रेकॉर्डिंगला माझा जुना कॉम्प्युटर. तयार मशीन घेऊ या असं अनघा म्हणत होती. “छे, मी घरीच करतो,” हे माझं वाक्य. परिणाम असा, की प्रोसेसर अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर, पंखा विमानासारखा, आणि चित्र असं तुटक, की बाबा सोफ्यावरून उठले की थेट स्वयंपाकघरातच उगवायचे. मधलं सगळं गायब.

त्या मंगळवारी मी घरून काम करत होतो (म्हणजे करत नव्हतो). अनघा ऑफिसात, बाबा आत झोपलेले. आज याचा निकाल लावायचाच असं ठरवलं. आधी जिन्यावरच्या कॅमेऱ्याची काच पुसून आलो. मग चित्र किती मागे पडतंय ते मोजायला हातातल्या घड्याळाचं आणि फोनचं स्टॉपवॉच एकदम सुरू केलं आणि फोन हॉलच्या कॅमेऱ्यासमोर टेकवून ठेवला. स्क्रीनवर फोनचे आकडे दिसणार, मनगटावर खरे आकडे. दोन्हींतला फरक म्हणजे उशीर. हुशार, नाही का? कॅमेरे वायरने थेट कॉम्प्युटरला जोडलेले, तेव्हा बाहेरच्या जगाचा काही भार नको म्हणून हॉलमधला राउटरही बंद केला. मग कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो, एसी लावला आणि गारवा टिकावा म्हणून दार ओढून घेतलं.

खट्.

पहिली दोन मिनिटं मी गंमत म्हणूनच घेतली. मुठीच्या भोकात पेन घालून पाहिलं, ते आतच मोडलं. फोन हॉलमध्ये, राउटरही तिकडेच, म्हणजे इंटरनेट बंद. खिडकीतून “मासिमा!” अशी हाक मारली, पण खाली त्यांच्याकडे फरशा कापायचं मशीन चालू होतं. मी माझ्याच हाका ऐकू शकत नव्हतो, तर त्या काय ऐकणार! म्हटलं, ठीक आहे, अनघा सहाला येईल. फार तर भूक लागेल.

खुर्चीत बसलो. स्क्रीनवर फोनचे आकडे अडखळत चालले होते. मनगट आणि स्क्रीन, फरक नऊ सेकंदांचा. अरे वा, म्हटलं, निदान मोजणी तरी जमली.

आणि हॉलमध्ये बाबा दिसले.

पायात चपला, काखेत छत्री. एका चौकटीत सोफ्याजवळ, पुढच्या चौकटीत थेट दाराशी. तेव्हा मला आठवलं… जिन्यावरचा कॅमेरा पुसून आत आल्यावर मी वरची कडी लावलीच नव्हती.

मी दारावर धडका मारायला लागलो. “बाबा! बाबा, थांबा!” बाबांचं कानातलं यंत्र दुपारपर्यंत डबीतच असतं. खांदा सुजला, दार हललंसुद्धा नाही. वळून पाहिलं तर चित्र गोठलेलं. दार उघडलेलं, बाबांचा एक पाय उंबऱ्याबाहेर. आणि हे जे दिसत होतं ते नऊ सेकंद जुनं! म्हणजे ते एव्हाना जिन्यात, कदाचित फाटकात. मी स्क्रीनवर हात आपटत होतो, जणू त्यांना मागे ओढणारच होतो. आयुष्यात इतका निरुपयोगी मी कधी नव्हतो, आणि माझा त्यातला अनुभव दांडगा आहे.

मग पंखा थांबला. म्हणजे अगदी शांत झाला. प्रोसेसर अठ्ठ्याण्णववरून चार टक्क्यांवर. शपथेवर सांगतो, मी एकही सेटिंग बदललेलं नव्हतं. आणि चित्र सुरू झालं… वाहत्या पाण्यासारखं, कुठेही न अडखळता.

बाबा उंबऱ्याच्या आत होते. त्यांचा हात धरून शेजारी मी उभा होतो.

माझाच निळा टी-शर्ट. माझीच किंचित वाकलेली मान. कॅमेरा वरून असल्यामुळे टकलाबद्दलही शंका घ्यायला जागा नाही. पहिला विचार अर्थातच इंजिनिअरचा आला — हे मघाचं चित्र आहे, फोन ठेवतानाचं, मागे पडलेलं. म्हणून फोनचे आकडे पाहिले. सतरा मिनिटं चार सेकंद. मनगट पाहिलं. सतरा मिनिटं चार सेकंद. पाच. सहा. दोन्हीकडे एकदम. उशीर शून्य.

त्याने दार लावलं. वरची कडी सरकवली. बाबांच्या काखेतली छत्री काढून घेतली आणि त्यांना धरून आमच्या खोल्यांच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर नेलं. मग मला दाराबाहेर चपलांचा आवाज आला. खरं सांगतो, त्या क्षणी दार उघडू नये असंही मला वाटलं.

दार उघडलं. बाहेर एकटे बाबा.

“कुठे गेला तो?” मी विचारलं.

“कोण?”

“तुमच्याबरोबर होता तो.”

“तूच होतास की!” बाबा वैतागले. “म्हणालास, बाबा, मी आत अडकलोय, जरा दार उघडा. मी म्हटलं, गाढवा, अडकलायस तर इथे कसा? तर नुसता हसलास.”

घर पालथं घातलं. कुणी नाही. कडी आतून लावलेली. मागे पंखा पुन्हा घोंघावायला लागला होता, अठ्ठ्याण्णव टक्के.

तुटक चित्राचं कोडं नंतर सुटलं. चारही कॅमेऱ्यांचं पूर्ण मोठं चित्र मी हालचाल टिपायला लावलं होतं. त्या कामासाठी लहान चित्र निवडल्यावर भार तीस टक्क्यांवर आला. त्या दीड मिनिटात तो चारवर कसा आला, हे ऑफिसातल्या जाणत्यांनाही सांगता आलेलं नाही. बाकीच्याबद्दल मी त्यांना विचारलेलंच नाही.

रेकॉर्डिंग आहे. संध्याकाळी अनघाला दाखवलं. तिने शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, “मिलिंद, कडी लावायची विसरलास ना? मग तसं सांग. गोष्टी कशाला रचतोस? हा तूच आहेस.”

“अगं, मी आत कोंडलेला होतो! हा बघ खांदा.”

तिने पुन्हा पाहिलं. तो कडी लावतो तिथे थांबवलं, चित्र मोठं केलं. त्याचा डावा हात वर होता आणि मनगट मोकळं होतं. घड्याळ नव्हतं. माझ्या डाव्या हातावर तर तेव्हाही स्टॉपवॉच चालूच होतं, बंद करायचं सुचलंच नव्हतं.

अनघा उठली. बाबांच्या खोलीत डोकावून आली. मी वाट पाहत होतो… घाबरेल, निदान माझा हात तरी धरेल.

“परत आला ना, तर त्याला थांबवून घे,” ती म्हणाली. “बाबांना सांभाळायला तुझ्यापेक्षा तो बरा.”