यंदा काही जमलं नाही

आर्डिस क्वामेची शाळा बंद पडली. शाळा खरं तर मुलांची, पण तिच्या स्वयंपाकघरात आर्डिसचं उभं आयुष्य गेलं होतं, म्हणून ती ‘माझी शाळा’ असंच म्हणायची. मिनेसोटाच्या पश्चिमेकडच्या आमच्या गावात पोरंच उरली नाहीत, तर शाळा कोणासाठी चालवणार? बरोबरीच्या बायका दुसऱ्या गावी कामाला लागल्या. आर्डिसने मात्र घरीच लेफ्से करून विकायची असं ठरवलं.

लेफ्से म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. नॉर्वेहून आलेल्या आज्या-पणज्यांनी ती इथे आणली. ताटात लेफ्से नसेल तर ख्रिसमस झाला असं आमच्याकडे कोणी मानत नाही, पण ती लाटणारे हात दरवर्षी कमी होत चाललेत. तेव्हा धंद्याला वाव होता.

शहरातली मुलगी सिग्ने फोनवर म्हणाली, “आई, ख्रिसमसपर्यंत करून बघ. नाहीच जमलं तर सरळ इकडे ये. वरची खोली मी रिकामीच ठेवलीय.” मुलगी गुणी, जावई भला, खोलीलाही मोठी खिडकी. पण त्या खिडकीतून दिसायची ती शेजाऱ्याची भिंत. आर्डिसच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून नजर पोचेल तिथवर शेतं दिसत, आणि ती सोडून जायची कल्पनाच तिला सोसवत नव्हती.

“आधी माहिती गोळा कर,” सिग्नेने बजावलं. “लोकांना काय आवडतं ते कळल्याशिवाय धंदा होत नाही.” तिने छापील प्रश्नच पाठवून दिले. चवीला, जाडीला, मऊपणाला एक ते पाचमधले गुण द्यायचे. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते, तिथे आर्डिसने लेफ्सेसोबत ते कागद वाटले. झाडून सगळ्यांनी सगळ्याला तीन गुण दिले. पाद्रीबाबांनीसुद्धा.

“आई, सगळ्यांनी तीनच?” सिग्नेने कपाळावर हात मारला असावा.

“अगं, पाच दिले तर तोंडावर कौतुक केल्यासारखं होतं, आणि एक द्यायला काय ते उद्धट आहेत?” शहरात राहून पोरगी सगळं विसरली, असं आर्डिसला वाटलं.

मग तिने आपल्या पद्धतीने माहिती जमवायला घेतली. पाककृतींचा पत्र्याचा डबा रिकामा केला, कोरी कार्डं आणली आणि ठरवलं की लोक काय बोलतात ते लिहायचं नाही, काय करतात ते लिहायचं. कोणाच्या शेतातला बटाटा कोरडा, कोणाचा पाणी सोडतो. कुठल्या हवेत पीठ फाटतं. कोणत्या घरात पांढरी साखर भुरभुरतात, कोणत्या घरात तपकिरी, आणि कोण नुसतं लोणी लावून साखर घालणाऱ्यांकडे दयेने बघतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कितव्या आग्रहाला कोण हात पुढे करतं. आमची माणसं दोनदा ‘नको, नको’ म्हणतात आणि तिसऱ्यांदा घेतात. दुसऱ्यांदाच घेतलं तर ते कार्ड डब्यात पुढे. ‘वेगळीच आहे हं’ म्हणणारा थेट मागे, कारण आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. ताटलीतला शेवटचा तुकडा मात्र तिने हिशेबात धरलाच नाही. तो कोणीच घेत नाही. निम्मा कापतात, मग त्याचा निम्मा, आणि शेवटी नखाएवढा तुकडा ठेवून सगळे निघून जातात.

शरद ऋतू लागेपर्यंत डब्याचा पुढचा भाग गच्च भरला. लेफ्से लोकांना आवडत होती, यात शंकाच नव्हती. तरी ऑर्डर एकही येत नव्हती. आर्डिसने कार्डं घराण्यांप्रमाणे लावली, साखरेप्रमाणे लावली, पुन्हा आग्रहाप्रमाणे लावली. छे! त्यात सिग्नेचा फोन आला, “खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घेऊ?” आर्डिस “कुठलेही” म्हणाली आणि फोन ठेवून मुकाट्याने रडली.

दुसऱ्या दिवशी ती बोर्गहिल्डकडे गेली. बोर्गहिल्ड नव्वदीची. एके काळी अख्खी पंचक्रोशी तिच्या हातची लेफ्से खायची. आता बोटं वाकडी झालेली, जीभ मात्र सरळ.

“घ्या ना,” आर्डिसने ताटली पुढे केली. “यंदा काही जमलं नाही हो. जरा जाडच झालीय.”

“मग मी कशाला खाऊ?”

“म्हणजे... तसं नाही...”

“दर रविवारी हेच ऐकतेय मी. जमलं नाही, जाड झालीय, करपलीय, सांभाळून घ्या. विकायला निघालीस की माफी मागायला?”

“आपल्यात तसं म्हणायचीच पद्धत आहे ना, बोर्गहिल्ड? माझी आई तर—”

“तुझी आई फुकट वाढायची, बये. फुकटच्याला वाईट म्हटलेलं शोभतं. तू पैसे मागणार. आणि लोक इतके सभ्य की तुला खोटं कसं पाडतील? तू जाड म्हणालीस म्हणजे जाड. सगळ्या गावाची कार्डं केलीस म्हणे. तुझं स्वतःचं केलंस का?”

आर्डिस शरमेने लाल झाली. ताटलीवर तिने परत कागद झाकला आणि घरी येऊन बटाटे उकडायला घातले.

रविवारी तळघरात तिने ताटली टेबलावर ठेवली आणि तोंड मिटून उभी राहिली. सवयीचं वाक्य दातांपर्यंत येऊन परत जात होतं. लोक थांबले. माफी आल्याशिवाय सुरुवात तरी कशी करायची? शेवटी पाद्रीबाबांनीच विचारलं, “मग आर्डिस, कशी झालीय यंदा?”

“चांगली झालीय,” आर्डिस म्हणाली.

चमच्यांचा आवाज थांबला. कोणीतरी खोकलं. आर्डिसला वाटलं, कोट घ्यावा आणि निघून जावं. तेवढ्यात एकाने हात पुढे केला, मग दुसऱ्याने, आणि हळूहळू ताटली उतरत गेली, ती शेवटच्या लेफ्सेवर येऊन अडकली. तिथे रीतसर सुरी निघाली.

“ती सुरी ठेव बाजूला,” बोर्गहिल्ड म्हणाली. काठी टेकत ती टेबलाशी आली. कोणी आग्रह केला नव्हता, एकदाही नाही. तिने ती अख्खी लेफ्से उचलली, कागदी रुमालात गुंडाळली आणि सगळ्यांदेखत पर्समध्ये घातली. “आणि माझ्याकडे ख्रिसमसला सगळे येणार आहेत. लेफ्से माझ्याऐवजी आता तूच कर.”

पर्सचा चाप खट्कन लागला आणि आपापली ऑर्डर सांगायला आर्डिसभोवती बायका जमा झाल्या.

घरी येऊन तिने कोट न काढताच फोन लावला.

“सिग्ने, पडदे घेतलेस का?”

“उद्या घेणार. का गं?”

“नको घेऊस. त्या खोलीत तुझं शिवणाचं मशीन ठेव.”

“म्हणजे? आई, कशी झाली होती लेफ्से?”

“चांगली,” आर्डिस म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना तिची जीभ अडखळली नाही.