मंडळीचं नाव

डांबरगोळीचा वास आला की मला तालुक्याच्या कोर्टातली रेकॉर्डची खोली आठवते. दुष्काळात तिसगावच्या रस्त्यावर खडी फोडताना माझ्या बायकोला दारू प्यालेल्या ड्रायव्हरनं ट्रकखाली घेतलं. त्याला शिक्षा झाली, तरी गावात म्हणायचे, बाईच आडवी गेली असंल. म्हणून मी निकालाची नक्कल काढायला एकटाच गेलो. कारकुनानं विचारलं, "मयताचं नाव?" मी म्हणालो, "आमची मंडळी." "अहो बाबा, मंडळी म्हणून फाइल सापडत न्हाई. सरळ नाव घ्या, का उखाणा घालताय?" बाकावरची माणसं हसली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिचं नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. खाली मान घालून काढलं. कारकुनानं ते आतल्या शिपायाला मोठ्यांदा ओरडून सांगितलं, अन् मी येड्यासारखा तिची ओ यायची वाट बघत राहिलो. आतनं शिपाई लाल फडक्यात बांधलेलं दप्तर घेऊन आला. ड्रायव्हर प्यालेला होता, बाई रस्त्याच्या कडेला बसलेली होती, असं कारकुनानं वाचून दाखवलं. ते ऐकायला तीच पाहिजे होती. आता घरात मी एकटा. तिचं नाव मोठ्यांदा घेतो. लाजायचं कुणाला?